टर्बोमावशी

टर्बोमावशीच्या गाडीत बसायचं तर आधी वजन सांगावं लागे. खोटं सांगून उपयोग नसे, कारण माणूस आत बसला की गाडी किती खाली गेली, हे ती बाहेर उभी राहून बघायची. आमच्या एका व्याह्यांना तिने मांडवीच्या रस्त्यावर चारचौघांत विचारलं होतं, "किलो सांगा हो, म्हणजे टायरात हवा किती ठेवायची ते कळेल." व्याही रिक्षाने गेले. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. उलट ती म्हणाली, "बरं झालं, तेवढंच डिझेल वाचलं."

ही माझ्या आईची मोठी बहीण. तिचं खरं नाव पत्रिकांवर छापून येई, पण त्या नावाने हाक कोणी मारत नसे. तिचे यजमान, आमचे अप्पा, गेले तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती आणि तिला सायकलसुद्धा येत नव्हती. त्याच वर्षी, बागेतला आंबा उतरवायच्या ऐन हंगामात, तिचा ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नाला मुंबईला गेला तो परतलाच नाही. आंबा अढीत पिकत होता आणि बाजारात न्यायला कोणी नव्हतं. चार दिवस मावशी त्या वासात बसली आणि पाचव्या दिवशी गाडी शिकायला गेली. महिन्याभरात तिने एक पांढरी, छोटी, जुनी डिझेल गाडी घेतली. तेराशे सीसीचं इंजिन. विकणारा म्हणाला, "ताई, टर्बो आहे हो." मावशीने विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "इंजिनात हवा कोंबतो." त्या दिवसापासून भेटेल त्याला ती टर्बो समजावून सांगू लागली. "इंजिन मूठभर, पण हवा कोंबून कोंबून पैलवान केलाय मेल्याला!"

त्या गाडीची एक खोड होती. इंजिनाचे फेरे कमी असले की ती ओढायचीच नाही, नुसती गुरगुरायची. फेरे वाढले की टर्बो जागा व्हायचा आणि गाडी एकदम उसळायची. मावशी म्हणायची, "आमच्या गाडीच्या अंगात येतं." चढणीच्या पायथ्याशी ती गियर खाली घेऊन मान किंचित वाकडी करायची. गाडीतल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. "थांबा, आला नाही अजून... नाही आला... आला!" आणि आमची डोकी मागे सीटवर आपटायची. एकदा माझी सासू गाडीत होती. तिने "आला" ऐकून हात जोडले.

चालवताना मावशी चपला काढून ठेवायची. "गाडी कानाने नाही, तळपायाने ऐकायची," हे तिचं म्हणणं. माणसंही ती गाड्यांसारखी जोखायची. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्या एका मुलाबद्दल तिचा निकाल असा होता: "उठाव झकास आहे. पण चढाला तापेल." दुसऱ्याबद्दल: "हा शांत आहे. लवकर पोचायचा नाही, पण वाटेत बंदही पडायचा नाही." बहिणीने दुसऱ्याशी लग्न केलं. तो अजून पोचतो आहे. खुद्द अप्पांबद्दल ती म्हणे, "तुझे अप्पा अ‍ॅव्हरेज चांगला द्यायचे रे. एक चहा घेतला की दुपारपर्यंत बघायला नको."

आता बापूकाका. हे अप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे मावशीचे दीर. बँकेतून निवृत्त झालेले. मावशी लग्न होऊन घरात आली तेव्हा ते हाफ पँटीत होते आणि तिच्याच हातचं जेवून मोठे झाले होते. अप्पा गेल्यावर बागेची वाटणी झाली. सगळं सुरळीत झालं, एक कलम सोडून. हे हापूसचं कलम सासऱ्यांनी लावलेलं, आणि दोघांच्या हद्दीमधल्या दगडी गडग्यावर उभं. गडगा मुळांनी कधीच फोडून टाकलेला, त्यामुळे झाड कुणाकडचं ते देवालाही सांगता येईना. त्या झाडाचा आंबा असा की खाणारा माणूस काही वेळ खोटं बोलू शकत नसे. दीर-भावजयीने त्याच्यासाठी कोर्टात दावा लावला. दावा इतका म्हातारा झाला की वकिलाचा मुलगा वकील होऊन त्यात उभा राहू लागला. मावशी आणि बापूकाका एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

मात्र बापूकाकांकडेही जुनी, छोटी, टर्बो डिझेल गाडीच होती. करड्या रंगाची, पंधराशेचं इंजिन. तिच्यातल्या टर्बोला कधी अंगात यायचं नाही. तो पेन्शनरासारखा पहिल्यापासून सारखा, सावकाश ओढत राहायचा. दोघंही रविवारी सकाळी एकाच पंपावर डिझेल भरायला येत, आणि येत ते भांडायलाच. फक्त एकमेकांशी बोलायचं नसल्यामुळे मध्ये मला उभं करत.

"सांग तुझ्या मावशीला," बापूकाका म्हणत, "गाडी म्हणजे काय गोफणीतला दगड नव्हे. दुसऱ्या गियरमध्ये चढ चढायला लागतो, अ‍ॅव्हरेज काय कपाळ मिळणार?"

"सांग त्यांना," मावशी म्हणे, "त्यांची गाडी ट्रकला ओव्हरटेक करायला निघते, तोवर ट्रक जाऊन, माल उतरवून परत येतो."

एका रविवारी मी वैतागून म्हटलं, "अहो, मग एकदा लावा शर्यत आणि मिटवा." बापूकाका चिडलेच होते. म्हणाले, "लावू! जिंकेल त्याचं ते कलम!" आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट मावशीकडे वळून, "आहे कबूल, वहिनी?"

मावशीने चष्मा पुसला. "कबूल, भावजी."

शर्यत वेगाची नव्हती. तेवढं शहाणपण दोघांकडे होतं. एकाच पंपावर दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरायच्या, वेळणेश्वरला जाऊन यायचं, पुन्हा तोंडापर्यंत भरायच्या. जिला डिझेल कमी लागेल ती गाडी जिंकली. पण वाटेत तवसाळची चढण न थांबता चढली पाहिजे, नाहीतर गाडी बाद. मी मावशीच्या गाडीत बसणार होतो, म्हणून माझ्या वजनाची भरपाई करायला बापूकाकांच्या गाडीत आंब्याच्या पेट्या ठेवल्या. किती पेट्या ठेवाव्या लागल्या ते मी सांगणार नाही.

आरे-वारेच्या वळणांवरून आम्ही जयगडला पोचलो. मावशी अंडी भरलेली टोपली नेल्यासारखी चालवत होती. एसी बंद, काचा वर, मी घामाने थबथबलेलो. फेरीबोटीत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोघंही आपापल्या सीटवर समोर बघत बसलेले. पलीकडे उतरताना बोटीच्या फळीवर मावशीच्या टर्बोने घात केला. फेरे पडले, गाडी बंद. मागून बापूकाका इतके मोठ्याने हसले की बोटीवरचे कोळीही हसले. पण तवसाळच्या चढणीवर मावशीने मान वाकडी केली, मी श्वास धरला, आणि "आला!" म्हणता म्हणता आम्ही करड्या गाडीला मागे टाकून वर होतो. बापूकाकांची गाडी आली, न थांबता आली, पण गाभण म्हशीसारखी आली.

वेळणेश्वरला देवाच्या पाया पडून एका खानावळीत जेवायला बसलो. बसायला एकच टेबल रिकामं होतं, त्यामुळे भांडण समोरासमोर झालं.

"वहिनी, तुम्ही उतारावर गाडी न्यूट्रल करता. तो अ‍ॅव्हरेज गाडीचा नव्हे, डोंगराचा."

"आणि तुम्ही पन्नासच्या वर जातच नाही. तो अ‍ॅव्हरेज गाडीचा नव्हे, भित्र्या माणसाचा."

"म्हणजे काय, गाडी कोण चालवतं त्यावर आहे सगळं?"

"असं वाटतं ना? मग येताना तुम्ही माझी चालवा, मी तुमची."

बापूकाकांनी सोलकढीची वाटी एका दमात संपवली आणि उठले. पेट्या पांढऱ्या गाडीत गेल्या, मी करड्या गाडीत, आणि दोघांनी किल्ल्या बदलल्या.

करडी गाडी हातात आल्यावर मावशी अनवाणी पायाने क्लच पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. मला वाटलं, गाडी आवडली असावी. हेदवी मागे पडल्यावर म्हणाली, "क्लच केवढा जड आहे रे याचा. आणि सीट बघ, सगळी पुढे ओढलेली. भावजींचा डावा गुडघा गेलाय. पाय सरळ करता येत नसणार त्यांना. बोलले नाहीत कधी."

"कसे बोलतील? तुमच्यात बोलणं कुठे होतं?"

"होय," ती म्हणाली.

जयगडला बोटीतून उतरलो आणि पांढरी गाडी आमच्या पुढे सुटली. चढ लागला आणि मी बघतच राहिलो. मावशीच्या गाडीतून काळा धूर निघत होता. त्या गाडीने तिच्या हातात असा धूर कधी सोडला नव्हता. बापूकाका ती खालच्या गियरमध्ये घालून बेदम दाबत होते. सपाटीवर दाबायचे, उगाच ब्रेक मारायचे, पुन्हा दाबायचे. डिझेल नुसतं उधळणं चाललं होतं.

"मावशी, बघतेस ना?"

"बघते. भावजींना टर्बो सापडला वाटतं."

"अगं, तुझा अ‍ॅव्हरेज पाडतायत ते! तूही दाब की! त्यांचीच गाडी आहे तुझ्या हातात!"

मावशीने माझ्याकडे मान वळवली. रागाने नव्हे, कोणी सोपं गणित चुकवल्यावर बघावं तशी. "अरे, दुसऱ्याची गाडी आहे ती," म्हणाली.

आणि पंपापर्यंत तिने ती करडी गाडी अशी आणली की इंजिनालाही कळलं नसेल आपण चाललो आहोत. अनवाणी पायाने जेवढं लागेल तेवढंच डिझेल देत होती. मी हात चोळत बसलो.

पंपावर टाक्या भरल्या. करडी गाडी जिंकली. थोडीथोडकी नव्हे, चांगली जिंकली. बापूकाका आकड्याकडे बघत होते, मावशीकडे बघत नव्हते. मावशी म्हणाली, "गाडी बरी आहे हो तुमची, भावजी. क्लच तेवढा बघून घ्या, जड आहे. कलम तुमचं." दुसऱ्या दिवशी तिने वकिलाकडे जाऊन दावा मागे घेतला. वकिलाच्या मुलाला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं.

मला राग आवरेना. मी तिच्या ओट्यावर जाऊन म्हटलं, "तिथल्या तिथे का नाही बोललीस? मी साक्षीला होतो ना?" ती कोकमं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "बोलले असते तर झाड आलं असतं. भावजी आले नसते."

भावजी मात्र आले. पुढच्याच आठवड्यात क्लच दुरुस्त करून दाखवायला आले आणि मग रविवारी सकाळी येतच राहिले. पंपावरचं भांडण ओट्यावर आलं, आणि आता मध्ये कोणी लागत नव्हतं. पाच सिलिंडर बरे की चार, तीन सिलिंडरची गाडी हा प्रकार गाडी म्हणावा की गिरणी, नवं डिझेल जुन्या इंजिनाला सोसतं का, यावर दोघं घसा बसेपर्यंत बोलत. चहा दोनदा होई. मावशीच्या मते बापूकाका भांडताना फारच लवकर गरम व्हायचे, त्यांच्या मते मावशीला रेडिएटरच नव्हता.

गेल्या वर्षी मावशी आजारी पडली आणि तिने फार दिवस काढले नाहीत. शेवटी शेवटी दवाखान्यात सलाइन लावणाऱ्या नर्सला म्हणाली, "किती वेगाने सोडलंयस गो? वाया जातंय बघ." त्यानंतर तिची शुद्ध येत-जात राहिली, पण आमच्या लक्षात राहिलं ते हेच.

तेरावा झाल्यावर तिच्या मुलाने, पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने, पांढरी गाडी भंगारात द्यायचं काढलं. बापूकाका तिथेच बसले होते. "चालती गाडी कोणी भंगारात देतं काय?" म्हणाले आणि खुंटीवरची किल्ली उचलून खिशात टाकली.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं. देवरूखला काम आहे, चल म्हणाले. पांढऱ्या गाडीतून निघालो. हातखंबा मागे पडला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुला एक सांगायचंय. वेळणेश्वरहून येताना मी हिला दाबली होती. मुद्दाम. मी जिंकलो नव्हतो."

"मावशीला माहीत होतं, काका," मी म्हटलं. "धूर दिसत होता आम्हाला."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच. "माहीत होतं?"

"सगळं."

त्यांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "त्या कलमाची पहिली पेटी दर वर्षी मी तिला नेऊन द्यायचो. ती एक आंबा उचलायची, हुंगायची आणि म्हणायची, 'आंबा सुरेख आहे हो भावजी, पण जरा दाबलेला वाटतो.' दर वर्षी! मी पेट्या बदलल्या. पेंढा बदलला. पेट्या भरणारे गडी बदलले. तरी पुढच्या वर्षी हीच, 'दाबलेला वाटतो!'"

आणि ते हसायला लागले. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले, खांदे हलेपर्यंत हसले. मग ते हसणं राहिलं नाही, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, गाडी पहिल्या गियरमध्ये घातली आणि क्लच हळूच सोडला. मागून आलेल्या एसटीने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले, पण देवरूख येईपर्यंत बापूकाकांनी गाडी एकदाही दाबली नाही.