अपंग नाय, दिव्यांग म्हणायचं!

मंडळी, आज पाचोडहून संभाजीनगरला एका सरकारी ऑफिसात गेले होते. घरी आले तरी चीड जात नाहीये.

मी व्हीलचेअरवर असते. तिथल्या रॅम्पला साखळी लावून कुलूप घातलेलं. का, तर लोक मोटारसायकली वर चढवतात! वॉचमनला म्हटलं, "मामा, अपंगांचा रॅम्प उघडा ना."

"ताई, अपंग नाय, दिव्यांग म्हणायचं. साहेबांनी सांगितलंय."

"बरं, दिव्यांगांचा उघडा."

"चावी वर साहेबांकडं हाय. जाऊन घेऊन या."

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. शेवटी दोघांनी मला खुर्चीसकट पोत्यासारखं उचलून वर नेलं. साहेब हात जोडून म्हणाले, "या, दिव्यांगताई!"

मला अपंगच म्हणा हो, पण ते कुलूप काढा.

तुमच्या ऑफिसातल्या रॅम्पची चावी कुणाकडं असते?