मामा एक तास

हसणार असाल तर आधी चहा खाली ठेवा, मग सांगतो. माझ्या इंजिनिअरिंगचा असा पचका दुसऱ्या कोणीच केला नसता. तो मीच केला.

बहीण पिंकीचं लग्न ठरलं. कारंज्यात पत्रिका छापणारे काय कमी आहेत? पण मी पडलो वेबसाइटवाला! म्हटलं, पत्रिका मोबाईलवर पाठवू, आणि जो उघडेल त्याला त्याचंच नाव दिसेल. युक्ती सोपी. मजकुरात नावाच्या जागी छोटासा कोड बसवायचा, तो ज्याचं त्याचं नाव आणून तिथं दाखवतो.

नावं कुठून घ्यायची? माझ्या फोनमधून! तिथंच माती खाल्ली.

तुम्ही तरी फोनमध्ये नातेवाइकांची खरी नावं ठेवता का? धनजचे मामा बोलायला लागले की थांबत नाहीत, म्हणून मी त्यांना 'मामा एक तास' करून ठेवलं होतं. झालं! मामांनी पत्रिका उघडली: 'आदरणीय मामा एक तास, आपण अगत्याने यावे.'

लगेच फोन.

"काहून रे, मी तुले एक तास दिसतो? येत नाई मी लग्नाले!"

"मामा, मी नाही, ते कोडनं केलं..."

"कोन हाय तो? त्याले दे फोन!"

हसू नका हो! आमच्याकडे नवरीला मंडपात मामाच आणतो. आई रडायला लागली, पिंकी जेवेना. घाईघाईत मी तो कोडच काढून टाकला आणि त्या जागी सरळ टाइप केलं, 'आदरणीय श्री. गुलाबराव मामा'.

मामांनी पुन्हा उघडलं. "आता कसं जमलं! येतो मी."

मीही खूश. पण पत्रिकेचं पान सगळ्यांचं एकच होतं ना! संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू गुलाबराव मामा, माझे साहेब गुलाबराव मामा आणि आमचे होणारे व्याहीसुद्धा गुलाबराव मामा!

व्याह्यांचा फोन बाबांना आला. बाबांनी तो नेमका स्पीकरवर घेतला.

"का जी, मी पोराचा बाप होय का पोरीचा मामा? कोनत्या येड्यानं बनवलं हे? घरात कम्प्युटर इंजिनिअर हाय, त्याले काहून नाई सांगतलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याले टाइमच नव्हता जी."

मग काय करता? त्या येड्याला सगळ्यात मोठी शिवी मीच हासडली.