चाकाखाली लिंबू, लिंबाशेजारी सासरे

आमच्या नव्या गाडीच्या चाकाखाली सगळ्यात आधी आले ते माझे सासरे. यायचं होतं लिंबू.

माझं माधवनगरात पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. गाडी घेतली ती आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मेहेरबानीनं. आबा रहिमतपूरचे, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माजी सैनिकाला मिलिटरी कॅन्टीनमधून गाडी स्वस्तात मिळते, म्हणून ती त्यांच्याच नावावर घेतली. (गल्लीत मात्र मी 'माझी गाडी, माझी गाडी' असं इतक्यांदा सांगितलं होतं, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं!) पूजेला आबा खास आले. हार, हळदकुंकू, नारळ आणि चार चाकांखाली चार लिंबं. मी ऐटीत स्टिअरिंगवर बसलो, गाडी सुरू केली. माझी बायको वैशाली समोर मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती.

"पाव्हणं, थांबा!" आबा ओरडले. "डावीकडचं लिंबू लाइनीत न्हाई!"

फौजी नजर! ते अनवाणी पुढं आले आणि पायाच्या अंगठ्यानं लिंबू सरळ करू लागले. तेवढ्यात वैशाली म्हणाली, "अहो, जरा हसा की!" मी हसलो. हसता हसता क्लचवरचा पाय सुटला. आबांची आरोळी ऐकून मी इतका घाबरलो, की रिव्हर्स टाकून मागं फाटकाचा खांब गाठला. आबांच्या पायाची दोन बोटं मोडली, बंपर चेपला, तीन लिंबांचा चेंदामेंदा झाला. आबांनी सरळ केलेलं लिंबू तेवढं शाबूत राहिलं.

पायाला प्लास्टर घालून आबा आमच्याच दिवाणावर आडवे झाले. 'जावयानं सासऱ्यावर गाडी घातली' ही बातमी दवाखान्यातून आम्ही घरी पोचायच्या आधी रहिमतपूरला पोचली होती. सासूबाईंचा फोन आला. त्यांनी नुसता उसासा टाकून फोन ठेवला. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. निदान विम्यातून दवाखाना निघाला तर सासरवाडीत थोडी अब्रू राहील, म्हणून मी गल्लीतल्या सुहासला बोलावलं. सुहास विम्याचा एजंट.

"सोपं आहे काका," सुहास म्हणाला. "गाडीबाहेरच्या माणसाला लागलं, की थर्ड पार्टीचा विमा. थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत. आबा गाडीबाहेर होते, म्हणजे आबा तिऱ्हाईत!"

मी खूश झालो. आबा उठून बसले.

"तिऱ्हाईत? पोरगी दिली, गाडी दिली, आता पायाची बोटं दिली! आन् मी तिऱ्हाईत?"

"आबा, ते फक्त विम्यापुरतं..."

"वैशे, बॅग भर माजी! तिऱ्हाईताच्या घरात मी पानी पिनार न्हाई!"

"भरते," वैशाली माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि त्यांच्याबरोबर माझीही भरते!"

मी सुहासचा हात धरला. "आबांना प्रवासी करता येईल का?"

"प्रवाशांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. घेतलाय?"

मी पॉलिसी अजून उघडलीच नव्हती. "समज, घेतलाय."

"तरी प्रवासी गाडीत असावा लागतो."

"त्यांचा पाय होता की!"

"काका, पाय गाडीखाली होता."

"मग तो मालकाचा विमा असतो, त्याचं काय?"

"तो मालक स्वतः चालवत असेल तर. आणि तोही जिवावर बेतलं किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. दोन बोटांना काही नाही."

"मंजी आख्खा पाय घालाय पायजे हुता व्हय?" आबा दिवाणावरून गरजले.

"बंपरचं मात्र मिळून जाईल," सुहास घाईनं म्हणाला.

"बघा! बंपरचं मिळतंय, सुभेदाराचं न्हाई!"

सुहासनं घाम पुसला. "काका, गाडी तुमच्याच नावावर आहे ना?"

मी खिडकीच्या पडद्याकडे बघत बसलो. (पडदा आमच्याच दुकानातला, चांगला आहे.)

"आबांच्या नावावर आहे," वैशाली म्हणाली.

सुहासनं डोळे मिटले. "म्हणजे आबा मालक! मग ते तिऱ्हाईत नाहीत. मालकाला स्वतःच्या गाडीचा तिऱ्हाईत होता येत नाही. गाडीत नव्हते, म्हणून प्रवासी नाहीत. चालवत नव्हते, म्हणून चालकही नाहीत."

"मग मी हाय तरी कोन?"

"तुम्ही मालक, आबा. फक्त मालक."

आबांचा चेहरा असा खुलला, की पायाला प्लास्टर आहे हे तेही विसरले. "मालक! ऐकलं का पाव्हणं? वैशे, बॅग ऱ्हाऊ दे, च्या टाक!" विम्यातून छदाम मिळणार नव्हता आणि माणूस लय खूश! हे काय झालं ते मला कळलं नाही, सुहासलाही कळलं नाही. पण बायको बॅगेकडून चहाकडे वळली आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आन् ह्या गाडीला तिऱ्हाईत कोन मग?" चहा पिता पिता आबांनी विचारलं.

सुहासनं खोलीत चौफेर नजर टाकली. "काका. म्हणजे चालवत नसतील आणि गाडीबाहेर असतील तेव्हा."

आबांनी मान डोलावली. ते त्यांनी पक्कं लक्षात ठेवलंय, हे मला दसऱ्याला समजलं.

तोवर बोटं जुळली होती. गाडीच्या पूजेला आबा आले आणि थेट स्टिअरिंगवर बसले. फौजेत ते ट्रक चालवायचे. (शेवटचा कधी चालवला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.) त्यांनी इंजिन गुरगुरवलं आणि खिडकीतून माझ्या हातात लिंबू दिलं.

"पाव्हणं, ह्या वक्ताला लिंबू तुमी ठिवा. बिनघोर ठिवा, तुमाला इमा लागू हाय!"

समोरून वैशालीचा आवाज आला, "आबा, जरा हसा की!"

मी लिंबू चाकाच्या दिशेनं भिरकावलं आणि उडी मारून फाटकाच्या खांबामागं लपलो. शेजारचे एक गृहस्थ कौतुकानं थांबले. "वा! गाडी तुमचीच ना?"

"छे हो," मी खांबाआडून म्हणालो, "मी तिऱ्हाईत!"