लेंड्या चालतात, तोंड चालत न्हाई

"वाहवा! क्या बात है! फिर एक बार कहिए!" देसायाचा जावई म्हणला, आन म्या येडीनं परत बोलले. भर चावडीत. डोक्यावरचा पदर सावरून, नीट, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं.

गाव आमचं खजुरीच्या अलीकडं. राज्य निजामाचं. मी धनगराची विधवा. घरधनी गेला तवापासून कळप मीच राखते. त्या उन्हाळ्यात देसायानं तळ्याच्या काठाला काट्याचं कुंपण घालायचं काढलं. मेंढरं पाणी नासवतात म्हणं. माली पाटलानं, म्हंजे सारा वसूल करणाऱ्या पाटलानं, गाव बोलावलं. आमच्यातले बापे खाली माना घालून बसले. माझ्या मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या. दुसरं पाणी पार ओढ्याला, उन्हाचं कोवळी कोकरं तिथवर पोचायची न्हाईत. म्हणून मी उठले.

मी येवढंच म्हणलं, "खत पाहिजे म्हणून तुमीच रानात मेंढरं बसवायला बोलवता. तवा त्यांच्या लेंड्या चालतात. मग पाणी पिताना त्यांचं तोंड कामून चालत न्हाई?"

जावई गुलबर्ग्याला वकिली करायचा. अंगात शेरवानी, गालात पान. हात उचलून वाहवा म्हणला तो मलाच.

आमच्यातली रीत सांगते, म्हंजे माझं येडेपण कळंल. धनगराची बैठक माळावर बसती. माणसं पांगून बसलेली, वारा बोलणं उडवून नेतो. कुणाचं बोलणं पटलं की म्हातारं माणूस हात वर करतं आन म्हणतं, "परत बोल." मग त्यानं तेच परत बोलायचं, लांबच्यालाबी कळावं म्हणून. मधी कोण तोंड घालत न्हाई. आमच्यात ह्याच्यापरीस मोठा मान न्हाई. मला वाटलं, शिकलेला माणूस, त्याला पटलं.

"सुभानल्ला! और एक बार!"

तिसऱ्यांदा बोलले. लोक हसायलेत हे दिसायलं होतं. मला वाटलं, खुशीनं हसायलेत. आग लागो माझ्या अकलेला, मीबी हसले.

मग तो पाटलाकडं वळला. "पाटीलसाहेब, बाईसाहेबांना हैदराबादला धाडा. दरबारात मेंढरांची वकिली करतील."

हसून हसून चावडीची मुरकुंडी वळली. पाटलानं उपरण्यानं डोळे पुसले. आन त्या हसण्यातच लोक उठले. माझ्या बोलण्याला उत्तर कुणी दिलंच न्हाई. व्हय न्हाई, न्हाईबी न्हाई. दुसऱ्या दिवशी तळ्याला कुंपण घातलं.

ओढ्याच्या वाटंवर माझी कोकरं मेली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. खोटं हाय. माझ्या धाकट्या दिराचीबी कोकरं मेली. आन चावडीत माझ्या मागं बसून सगळ्यात मोठ्यानं तोच हसला होता.

आदी चावडीवर भांडणं न्हवती का? होती की. माणसं येकमेकांचं खानदान उकरायची, काठ्या निघायच्या. पर शिवी देणारा निदान तुमचं ऐकून तरी घ्यायचा, तवाच त्याला राग यायचा. ही वाहवा आली आन ऐकणंच बंद पडलं. कुणी बोलाय उठलं की पोरं वरडायची, "क्या बात है!" भलीभली माणसं घाबरून बसायला लागली. मार खाल्लेला माणूस परत येतो. हसू झालेला येत न्हाई.

मग तो रोग आमच्या माळावर आला.

बैठक बसली होती. माझे सासरे, अप्पा, कुंपणाचंच बोलत होते. "समद्यांनी मिळून पाटलाकडं परत जाऊ," म्हणले. आन दीर हात उचलून म्हणला, "वाहवा! फिर एक बार!"

सोताच्या बापाला.

अप्पांना काही कळलं न्हाई. त्यांनी घसा खाकरला. काठीवर जोर देऊन उभे राहिले आन परत बोलाय लागले. सावकाश. मानानं. लांबच्यालाबी ऐकू जाईल असं. पोरं फिदीफिदी हसायलीत.

चावडीत मी कशी दिसले असंल, ते मला त्या दिवशी दिसलं.

"अप्पा, बसा," मी म्हणलं. "ह्यो मान न्हाई."

दिराकडं वळले. "भावजी, पटत नसंल तर न्हाई म्हणा. शिवी द्या. पर बापाला हसू नका."

"वैनी, थट्टा केली मी. येवढं काय?"

"थट्टा ऱ्हाऊ द्या. पाणी पाहिजे का नको, ते बोला."

हसणं थांबलं. दिरानं काठी उचलली आन मेंढरांकडं निघून गेला. खरं सांगते, त्याला उत्तरच येत न्हवतं. त्याला निस्ती वाहवा येत होती.

पुढची चावडी भरली तवा मी गेले. तेच बोलले. लेंड्या चालतात, मग तोंड कामून चालत न्हाई? जावई आला होता. "वाहवा!" म्हणला. मी तेच परत बोलले. ह्या बारीला मी हसले न्हाई. "फिर एक बार!" परत बोलले. लोक हसले, मग थोडे हसले, मग खाली बघाय लागले. त्याची वाहवा बारीक होत गेली. माझा आवाज तेवढाच होता.

"बस की आता, बाई," पाटील वैतागला.

"उत्तर द्या, बसते."

दिलं न्हाई. कुंपण अजून हाय. दीर अजून माझ्याशी बोलत न्हाई. गावात माझं नाव 'वाहवा' पडलंय, पाणवठ्यावर बायाबी त्याच नावानं हाक मारतात.

मारू द्या. चावडी भरली की मी जाते, उभी राहते. जावई मला परत बोल म्हणला होता न्हवं? बोलते. उत्तर देईस्तवर बोलते, आन तवर त्या चावडीत मी खाली बसायची न्हाई.