दारात आलेला तांब्या

बाळांनो, तुम्ही आपल्या गावच्या घराचे फोटो मागितलेत, म्हणून मी मागच्या आठवड्यात तिकडे जाऊन आले. फोटो तुमच्या बाबांच्या फोनवर पाठवले आहेत. त्यांत घर आहे, अंगणातला कढीपत्ता आहे, दारात उभी असलेली माझी काकू आहे. फोटोत जे आलं नाही ते इथे लिहिते. बाबांना म्हणावं, सावकाश वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

माझी तयारी तुम्हाला माहीतच आहे. आदल्या दिवशी गोळ्या, टोपी, टॉवेल सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मागच्या वर्षी कावीळ झाली तेव्हा हैदराबादेतल्या कोठी भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "बाहेरचं पाणी अजिबात नको." म्हणून गाडीत बाटल्यांचा खोका ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, गांव जारे या रेगिस्तान?"

दिलसुखनगरच्या घरून सकाळी निघालो. गाव मराठवाड्यात, पोचायला दुपार झाली. घर गावाच्या कडेला, आपल्या वस्तीत. माझे वडील तिथे जन्मले आणि रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच राहिला. आता तोही नाही. त्याची बायको, म्हणजे माझी काकू, ऐंशीच्या पुढची आहे आणि घर तीच सांभाळते. मातीच्या भिंती जाऊन स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या आहेत. दाराची चौकट निळी रंगवली आहे.

काकू त्या चौकटीत तांब्या घेऊनच उभी होती. गाडीचा आवाज ऐकून भरला असणार, कारण बाहेरून अजून थेंब ओघळत होते. चिंचेने घासून लख्ख केलेला पितळी तांब्या.

"ये गं माय. किती वाळलीस! हैदराबादला खायला देत न्हाईत का तुला?" असं म्हणत तिने तो पुढे केला.

मी हसले आणि पर्समधून बाटली काढली. "राहू दे काकू, माझं पाणी आहे माझ्याजवळ."

चहात साखर नको म्हणावं इतकं सहज म्हटलं मी ते. काकूचा हात तसाच पुढे राहिला. मग तिने तांब्या ड्रायव्हरकडे वळवला. त्याने गटागटा रिकामा केला आणि आणखी मागितलं.

"घे बाबा, घे," काकू म्हणाली. "तुला तरी चालतंय आमच्या हातचं."

हे दुसऱ्या कुठल्या घरी कुणी म्हटलं असतं तर मी टोमणा म्हणून सोडून दिलं असतं. पण काकू लग्न होऊन या घरात आली तेव्हा आपल्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन बाजूला उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो उंचावरून पाणी ओतायचा, भांड्याला भांडं लागू न देता. काकू नवी नवरी असताना कितीदा तशी उन्हात उभी राहिली आहे. ही गोष्ट मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितली आहे, इंग्रजीत, चांगली रंगवून. आणि आता तिच्याच दारात तिच्या हातचं पाणी मी परत केलं होतं.

मी कावीळ, डॉक्टर, तपासण्या असं काय काय सांगत सुटले. सगळं खरं होतं, पण जितकं सांगावं तितकं खोटं वाटायला लागलं.

"असू दे गं. डागदर शिकल्याला असतो," काकू म्हणाली. मग हाताला धरून मला अंगणातल्या बोअरपाशी घेऊन गेली. "तुझ्या काकानं पाडला. आता उन्हाळ्यात गावातल्या बायाबी इथंच भरायला येत्यात. मी कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

मी बोअरचा फोटो काढला. दुसरं काय करावं ते सुचेना.

जेवायला भाकरी, वरण आणि ठेचा होता. ठेच्याने नाकाडोळ्यांतून पाणी आलं. समोर काकूने भरून ठेवलेला पेला होता, शेजारी माझी बाटली. कशालाच हात लावायचा धीर होईना.

"पी की तुझ्या बाटलीतलं," काकू म्हणाली. "ठसका लागून मरशील, अन् नाव माझ्या ठेच्याचं."

निघताना ती चुलीपाशी दिसली. पाणी उकळून, दोन भांड्यांत वरखाली करून गार करून तिने तांब्यात घेतलं होतं. "आण तुझी बाटली. वाटंत लागंल."

मी रिकामी बाटली पुढे धरली. काकूने तांब्या वीतभर उंच धरला आणि बारीक धार सोडली.

"भिऊ नको. शिवू देत न्हाई तुझ्या बाटलीला," ती म्हणाली आणि बोळक्या तोंडाने हसली.

ती चेष्टा होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती वरून ओतत होती आणि मी खाली बाटली धरून उभी होते.

"काकू, तो तांब्या दे इकडे. मी पिते."

तिने तांब्यातलं उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतून टाकलं. "आता नगं. दुखलंखुपलं तर तुझा पोरगा परदेशातून मला फोन करील. पुढच्या बारीला पी. पोचलीस की सांग."

शहर यायच्या आत मी ती बाटली संपवली. पाणी कोमट होतं, त्याला धुराचा वास होता.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला फोन करून विचारलं, पोट बरं आहे ना? "एकदम फस्ट क्लास, अम्मा. क्यूं?" तो म्हणाला. त्याचं पोट बिघडलं असतं तर निदान माझी बाजू राहिली असती, असं मनात येऊन गेलं. त्याचीही लाज वाटली.

काकूला पोचल्याचा फोन करायचा आहे. तो अजून केलेला नाही.