सतरा नंबरची नळी

प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांपेक्षा किस्से लवकर साठतात, आणि त्यांच्यावर लेबल नसते! म्हणून आधी नोंद करतो : पहिले तीन किस्से मी रुजू झालो त्या आठवड्यात, शुक्रवारच्या दुपारच्या चहाला, केतकीताईंकडून ऐकले. चौथ्याच्या वेळी मी स्वतः हजर होतो.

केतकीताई आमच्याकडे पीएचडी करत होत्या. कर्करोग झालेल्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रथिन, म्हणजे रोगाची खूण सांगणारा 'मार्कर', वाढते आणि उपचार लागू पडले की ते उतरते, हे त्यांना सिद्ध करायचे होते. पाच वर्षांचे काम त्यावर उभे होते.

त्यांचे सर्वांत नियमित रुग्ण म्हणजे धायरीचे आबा. पद्धत अजून सिद्ध न झाल्याने आकडा रुग्णाला सांगायचा नाही, असा नियम. आबा चिडले, "रगत माझं, अन् आकडा तुमचा?"

ताई चेहरा निर्विकार ठेवू लागल्या. पुढच्या खेपेस आबा दारातूनच म्हणाले, "आज ताई लईच गंभीर हाय. म्हंजे आकडा उतरला!"

तो खरोखरच उतरला होता.

*

तुलनेसाठी निरोगी माणसांचे रक्तही लागे. माणसे कमी पडली, तेव्हा कार्यालयातल्या सर्वांनी दिले. सदाशिव पेठेतले आमचे हेडक्लार्क कुलकर्णी यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, "आपण निरोगी आहात का?"

त्यांनी लिहिले, "येथे रुजू झालो तेव्हा होतो."

*

नमुने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले जात. त्यात एकदा कुणीतरी आमरसाचा डबा ठेवला. तंत्रज्ञ शेखसाहेबांनी दारावर सुवाच्य अक्षरात सूचना लावली : "येथे ठेवलेला आमरस संशोधनात समाविष्ट केला जाईल व परत मिळणार नाही."

*

आता चौथा. या वेळी पद्धतीची पडताळणी होती, म्हणून नळ्यांवर फक्त नंबर होते. कोणता नंबर कुणाचा, ते शेखसाहेबांच्या कुलूपबंद रजिस्टरात. ताईंना एवढेच ठाऊक, की पहिल्या वीस नळ्या निरोगी माणसांच्या.

त्यांतल्या सतराव्या नळीचा आकडा भलताच वर गेला. तीनदा मोजला, तीनदा तोच! एक तर प्रबंध गडगडणार, नाही तर आमच्यापैकी कुणीतरी आजारी.

कुलकर्णींनी पेन खाली ठेवले. "सतरा कोण ते कळेपर्यंत मी एकाही फाइलला हात लावणार नाही. मीच असेन, तर कशाला लावू?"

मी सावधपणे सुचवले, "ताई, नमुना दूषित झाला असे लिहून गाळता येईल."

"आज सतरा गाळला, तर उद्या अठराला काय सांगू?" त्या म्हणाल्या आणि आकडा आहे तसा नोंदवून कागद शेखसाहेबांपुढे ठेवला.

शेखसाहेबांनी चष्मा पुसला, कुलूप उघडले, सतराव्या ओळीवर बोट ठेवले. "धायरीचे आबा. उपचारापूर्वीचा नमुना. तुम्ही बरोबर वाचता की नाही, ते पाहायला मीच मध्ये ठेवला होता. ताई, मार्करही पास आणि तुम्हीही!"

ताई स्टुलावर बसल्या आणि खूप वेळ नुसत्या हसत राहिल्या.

कुलकर्णी पुढे सरकले. "अहो शेखसाहेब, म्हणजे मी निरोगी?"

"तसं तुम्ही फॉर्मवर कुठे लिहिलंय?"

हे सर्व माझ्यासमोर घडले. नळी मुद्दाम ठेवली होती की चुकून गेली होती, एवढ्याची मात्र मला कधीच खात्री करून घेता आली नाही. रजिस्टरातल्या सतराव्या ओळीची शाई बाकीच्या ओळींपेक्षा किंचित अधिक निळी आहे.