मांडीवरून घरंगळलेला नारळ

"झोपेत तुमचा श्वास तासाला एकेचाळीस वेळा थांबतो," डॉक्टर म्हणाले आणि कागद माझ्याकडं सरकवला. वर लिहिलं होतं, सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. मी म्हणलं, मराठीत सांगा. ते म्हणाले, "झोप लागली की तुमचा घसा सैल पडतो आणि हवेची वाट बंद होते. मग मेंदू तुम्हाला हलवून जागं करतो, श्वास सुरू होतो, परत झोप लागते, परत बंद. तुम्हाला आठवत नाही, पण रात्रभर हेच चालू असतं. म्हणून दिवसा पेंगता."

आपल्याला किती वर्षं राहिली, हे विचारायला पाहिजे होतं बहुतेक. मी विचारलं, "डॉक्टर, मला लेकरू मांडीवर घेता येईल का?"

त्यांना काही कळलं नाही. तुम्हालाही कळायचं नाही, म्हणून मागचं सांगते.

मी रेणापूरची. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या मालकांचं किराणा दुकान आहे. एकच लेक, शिवलीला, ती नांदेडला दिलेली. दोन वर्षांपासून मला झोपेनं असं धरलं होतं की सांगता सोय नाही. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकीच्या ब्लाऊजला उजवी बाही डावीकडं बसवली. एकदा सुई बोटातून आरपार गेली तेव्हा कुठं जाग आली.

जो तो शहाणपण शिकवायचा. कुणी म्हणायचं वय झालं, कुणी म्हणायचं अंगानं भरलात. मी आपली दवाखान्यात जाऊन म्हणायची, डॉक्टर, एक सलाईन लावा, लई अशक्तपणा हाय. आपल्याकडं काहीही झालं की सलाईन. पाच-सहा तरी लावून घेतल्या असतील. सलाईनच्या खाटेवर मी इतकी घोरायचे की सिस्टर पडदा सारून बघून जायच्या. मला वाटायचं, बघा, औषध अंगाला लागून राहिलंय.

घोरण्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. पुरुष घोरला की म्हणतात, दमला बिचारा. बाई घोरली की हसतात. दिवाळीला आलेल्या शिवलीलानं माझं घोरणं मोबाईलमध्ये भरून घेतलं आणि मला ऐकवलं, तर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आता वाटतं, तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचा तमाशा टळला असता.

तमाशा झाला तो तिच्या डोहाळजेवणाला. सातवा महिना लागला होता, नांदेडला तिच्या सासरी कार्यक्रम होता. पन्नासेक बायका जमलेल्या. ओटी भरायला मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते, माझी पाळी यायची होती. तेवढ्यात डोळा लागला. नारळ मांडीवरून सुटला, फरशीवर गडगडत गेला आणि पाटाला जाऊन आपटला. त्या आवाजानं मी जागी झाले, तर सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

विहीणबाईंनी नारळ उचलला, माझ्या हातात दिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आज नारळ घरंगळला, उद्या लेकरू घरंगळंल. बाळंतपण आम्ही हितंच करतो बाई, तुम्ही आराम करा."

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. माझं कंधारला माझ्या आईनं केलं, तिचं तिच्या आईनं. पाय पसरून बसायचं, लेकरू दोन्ही पायांवर घ्यायचं, तेल लावायचं, गरम पाणी घालायचं. हे करायची मी शिवलीलाचं लग्न ठरलं तेव्हापासून वाट बघून राहिले होते. ते माझ्याकडून काढून घेतलं, आणि बाई खरं बोलत होत्या. येताना बसमध्ये मी रडले. मग मला राग आला. विहिणीचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांना म्हणलं, सलाईन नको, रोग सांगा. शिवलीलाकडून ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं. डॉक्टरांनी कानाला लावून ऐकलं. घोरणं चालू, मग एकदम शांत, मग गुदमरल्यागत मोठा आवाज. ते म्हणाले, "स्लीप स्टडी करा. झोपेची तपासणी." मी म्हणलं, करते, पण नांदेडला करते. लातूरला माझी गिऱ्हाइकं सतरा ठिकाणी भेटतात. त्या वेळी मला लपवायचं होतं, हे खरं आहे.

तपासणी म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. सुई नाही, कापाकापी नाही. एका खोलीत झोपायचं. डोक्याला, हनुवटीला, पायाला वायरी चिकटवतात. नाकाखाली नळी, बोटाला चिमटा, छातीला आणि पोटाला पट्टा. वायरी लावणारी पोरगी देगलूरची होती. म्हणाली, "मावशी, गळ्यातलं सगळं काढून ठेवा."

मंगळसूत्र काढलं. लिंगाला हात लावला नाही. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग अंगावेगळं करत नाही. जन्मल्यावर बांधतात, ते शेवटपर्यंत राहतं. मी म्हणलं, "हे निघायचं न्हाई. तुझी मशीन चालत नसंल तर मी जाते." पोरगी हसली. "कुठं जाता मावशी, बसा. पट्टा जरा खालून घेते." घेतला. मशीन व्यवस्थित चालली. मी हे मुद्दाम लिहून राहिले, कारण आमच्यातल्या कितीतरी बायका अशा एका गोष्टीपायी तपासणीच करत नाहीत. सांगायचं तोंडानं. ऐकतात ते.

तर हा असा एकेचाळीसचा आकडा आला आणि मी तिथल्या डॉक्टरांना लेकराचं विचारलं. नारळाची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत, त्याबद्दल त्यांचे उपकार. म्हणाले, "सीपॅप लावावी लागेल. ही मशीन हवेचा दाब देते, त्या दाबानं घसा उघडा राहतो. रोज लावली तर लेकरू खुशाल घ्या. नाही लावली तर घेऊ नका. मशीनमध्ये सगळी नोंद राहते, मला कळतं." घासाघीस नाही, आडपडदा नाही. मला अशी माणसं आवडतात.

पहिला आठवडा वाईट गेला, गोड बोलून फसवत नाही. नाकावर मास्क, त्याला नळी, तोंड उघडलं की हवा तोंडातून सुटते. मला वाटायचं कुणी उशी दाबून धरलीय. दोनदा काढून फेकला. मास्कच्या पट्ट्यानं गालावर वळ उठले आणि अंबाडा बांधता येईना. त्यातच मी पाण्याच्या डब्यात बोअरचं पाणी भरलं. हवा ओली राहावी म्हणून मशीनला पाणी लागतं. आमच्या बोअरच्या पाण्यानं चार दिवसांत डब्याला पांढरं किटण धरलं. डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीवाल्याकडंही मिळतं, पण ते नको, मेडिकलमधून दवाखान्यासाठीचं मागून घ्या.

मग मी माझ्या पद्धतीनं घेतलं. शेवटी कपड्याची पट्टीच आहे, तिला एवढं काय घाबरायचं. ब्लाऊजच्या अस्तरातलं मऊ सुती कापड काढलं, पट्ट्यांना खोळी शिवल्या, वर हूक लावले. अंबाड्याच्या वरून एक आणि खालून एक पट्टी घेतली. वळ गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसा जागेपणी तासभर लावून बसा, सवय होईल. मी मास्क लावून काजबटन करत बसायची.

अशीच एके दुपारी बसले असताना एक गिऱ्हाईक बाई दार ढकलून आत आली. मला बघितलं आणि माप न देताच पळाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ब्लाऊजवाल्या काकू ऑक्सिजनवर हायत. करोनापासून लोकांना मास्क आणि नळी दिसली की एकच अर्थ माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला. एक म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून रडली. आमचे मालक म्हणाले, "दार लावून घे, आपण कुणाला काही सांगायचं न्हाई."

मी म्हणलं, "का म्हणून? चोरी केली का मी?" आणि दार सताड उघडलं. मशीन मशीनशेजारीच मांडली, शिलाईची एक, श्वासाची एक. येईल त्या बाईला मास्क नाकाला लावून दाखवला. "बघा, हवाच हाय. ऑक्सिजन न्हाई, काही न्हाई." तीन-चार जणी हळूच म्हणाल्या, काकू, आमच्या घरात पण असं होतंय. दोघींनी तर स्वतःचंच सांगितलं, पण नवऱ्याला कळू देऊ नका म्हणाल्या. ते ऐकून माझं डोकं फिरलं. श्वास बंद पडतोय आणि ह्यांना लाज वाटतीय.

बातमी नांदेडला पोचायला कितीसा वेळ. विहीणबाईंचा फोन. "ऑक्सिजन लागलाय म्हणं. मग तर पोरगी पाठवायचा प्रश्नच न्हाई."

मी फोन ठेवला. मशीन तिच्या पिशवीत भरली आणि नववा लागला तशी नांदेडला गेले. मुक्काम केला. हॉलमध्ये सगळ्यांसमोर मशीन लावली, जावईबापूंकडून प्लग मागून घेतला आणि झोपले. सकाळी पाचला उठून सगळ्यांना चहा केला. दिवसभर तांदूळ निवडत विहीणबाईंसमोर बसले, डोळ्याला डोळा. संध्याकाळी म्हणलं, "विहीणबाई, पेंगले का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची बाई नाही ती. "घेऊन जावा. पण बारशाला मी येणार, आन् चार दिवस राहून बघणार."

मुलगा झाला. लातूरला झाला, सुखरूप झाला. तिसऱ्या दिवसापासून मी पाय पसरून बसले आणि पहिल्यांदा त्याला पायांवर घेतलं तेव्हा एका हातानं त्याची मान धरूनच ठेवली. शिवलीला दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, तुझे डोळे केवढे उघडे हायत." दोघी हसलो, मग दोघी रडलो. त्या दिवशी मला कळलं की दोन वर्षं मी माझ्याच घरात नव्हते.

बारशाला विहीणबाई आल्या. आमच्या गुरूंनी, जंगमांनी, बाळाच्या गळ्यात लिंग बांधलं. पाहुणे गेले, त्या राहिल्या. मी न्हाऊ घालताना समोर पाट टाकून बसायच्या, पोलीस बसावा तशा. बसू दे म्हणलं, नजर ठेवायला आल्यात, ठेवू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. शिवलीला आत झोपलेली. विहीणबाईंनी लेकरू मांडीवर घेतलं आणि भिंतीला टेकल्या. मी हूक लावत होते. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. मान वर केली तर बाईंची हनुवटी छातीला लागलेली, हात सैल, आणि लेकरू मांडीच्या कडेला आलेलं. मी ब्लाऊज टाकला, दोन ढांगांत गेले, त्याच्या मानेखाली हात घातला आणि उचलून घेतलं. ते जागंसुद्धा झालं नाही.

तेवढ्यात घोरणं थांबलं. मी लेकरू खांद्याला लावून तिथंच उभी राहिले आणि मनात मोजायला लागले. वीसपर्यंत मोजलं तरी बाईंचा श्वास नाही. मी हात पुढं केलाच होता, तोवर त्या गुदमरून जाग्या झाल्या. पहिलं मांडीकडं बघितलं. मांडी रिकामी. त्यांचं तोंड असं पांढरं पडलं की वैऱ्याचं पण पडू नये.

"लेकरू कुठं हाय?"

"माझ्यापाशी हाय."

नारळ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. खरं सांगते, आला होता. पण त्या तोंडाकडं बघून मी तो गिळला. शेजारी बसले आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

त्यांनी लेकराच्या पायावरून हात फिरवला. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लई वर्षं झाली. घरात कुणाला बोलले न्हाई."

"आता बोलायचं. सोमवारी नांदेडला जाऊ, मी येते संगं," मी म्हणलं. "तिथं एक देगलूरची पोरगी हाय, ती गळ्यातलं काढा म्हणंल. लिंग काढायचं न्हाई. पट्टा खालून बसतो."